पेवाईचा दिवा

एका गावाचं पोट जमिनीखाली होतं. म्हणजे असं, की त्या गावात धान्य घरात साठवत नसत, पेवात साठवत. पेव म्हणजे मुरमात खणलेला खोल खड्डा. तोंड अरुंद, एक माणूस कसाबसा उतरेल एवढं, आणि आत रांजणासारखा फुगत गेलेला. तळाला आणि कडेने कडबा लावायचा, वरपर्यंत ज्वारी भरायची, तोंडावर फरशी ठेवायची आणि चिखलाने लिंपून टाकायचं. ज्वारी वर्षानुवर्षं टिके. गावाचं नाव पेवठाण. दुष्काळात शेजारची गावं पाला उकडून खात आणि पेवठाणचे लोक भाकरी खात, म्हणून त्यांना आपल्या गावाचा फार अभिमान होता.

पण पेव उघडायचा दिवस आला की याच गावाला घास गोड लागत नसे. फरशी काढून माणूस आत उतरला, की कधी तो टोपल्या भरभरून वर देई, आणि कधी उतरल्या उतरल्या खाली बसे तो कायमचाच. ना जखम, ना सापाचा दंश. त्याला काढायला गेलेला दुसराही तिथेच राही. गावाने यावर विचार केला नव्हता असं नाही. केला होता, पण तो आजोबांच्या आजोबांनी केला होता, आणि एकदा झालेला विचार पुन्हा करणं म्हणजे वाडवडिलांचा अपमान, अशी तिथली समजूत होती. तो विचार असा: पेवात पेवाई नावाची देवी राहते. पेवाचं तोंड उघडताना पांढऱ्या पायाच्या बाईची नजर पडली, तर देवी माणूस घेते.

पांढऱ्या पायाची बाई म्हणजे विधवा, हे कुणाला फोड करून सांगावं लागत नसे. पेव उघडायच्या दिवशी हलगी वाजे. हलगी ऐकू आली की विधवांना घरात घालून बाहेरून कड्या लावत. एवढं करूनही माणूस मेलाच, तर कुणाच्या दाराला फट होती याचा शोध सुरू होई. फट सापडायचीच. कुठल्या दाराला नसते? मग त्या बाईला वेशीबाहेर हाकलून देत आणि गाव निर्धास्त होऊन जेवायला बसे.

एका वर्षी धोंडी नावाचा तरणा माणूस पेवात उतरला आणि परत आला नाही. मागे त्याची बायको हौसा आणि पाळण्यातली पोर तुळसा. त्या वर्षी गावातल्या सगळ्या विधवांच्या दारांना भक्कम कुलपं होती, फटी चिंध्यांनी बुजवलेल्या होत्या. मग नजर पडली कुणाची? माणसं चावडीवर जमली. पेवाईचा पुजारी शिदू बराच वेळ डोळे मिटून बसला आणि म्हणाला, "हौसाची. ती पेवाच्या तोंडाशी उभी व्हती."

"पर ती तवा विधवा कुठं व्हती?" कुणीतरी विचारलं.

"होनार व्हती की," शिदू म्हणाला. "देवीला फुडचं दिसतंय."

यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. शिदू लबाड नव्हता, हे इथेच सांगून टाकतो. लबाड असता तर बरं झालं असतं. लबाडाला कधी ना कधी पकडता येतं. शिदूचा आपल्या प्रत्येक शब्दावर मनापासून विश्वास होता. हौसाला दुसऱ्या दिवशी सकाळी वेशीबाहेर घालवायचं ठरलं.

गावचे पाटील होते सुभानराव. वय तिशीचं, मन चांगलं, आणि चांगल्या मनाच्या माणसांत असते तशी थोडी घाईही होती. धोंडी गेला तेव्हा ते हळद घेऊन एका पेठेच्या गावी गेलेले होते. तिथेही पेवं होती, हळदीची. तिथले लोक पेव उघडून दिवसरात्र तसंच ठेवत. कडुलिंबाचे डहाळे दोराला बांधून आत वर-खाली हलवत. मग दिवा पार तळापर्यंत सोडत. दिवा विझला तर कुणी आत उतरत नसे. पाटलांनी कारण विचारलं, तेव्हा अडत्या म्हणाला, "कोंडलेली हवा असते, पाटील. माल आतल्या आत उबतो आणि हवा नासते. दिवा जिथं जगत नाही, तिथं माणूस कसा जगेल?"

पाटलांनी घरी येऊन आपल्या परसातलं पेव उघडलं. दिवा सोडला, तो विझला. दुसऱ्या दिवशी सोडला, तो तळाशी जळत राहिला. पाटील बराच वेळ त्या ज्योतीकडे बघत बसले. त्यांचा चुलता पेवात गेला होता.

हौसाचा निवाडा झाला त्याच संध्याकाळी पाटलांनी गावाला पुन्हा चावडीवर बोलावलं आणि हे सगळं सांगितलं. हौसा पोरीला कडेवर घेऊन भिंतीपाशी उभी होती. पाटलांचं बोलणं संपलं. मग एक म्हातारा हसला. "हवा कुनी बघितलीया, पाटील?" दुसरा म्हणाला, "दिवा इझला म्हंजी देवीनंच इझवला की." शिदूने नुसते हात जोडले आणि देवीची माफी मागितली, पाटलांच्या वतीने. लोक उठून घरी गेले.

हौसा तेवढी थांबली. तिने विचारलं, "पाटील, म्हंजी माझं मालक हवेनं गेलं?"

"व्हय."

"आनि माझी नजर?"

"नजरेचा काय बी संबंध न्हाई, हौसा."

ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. नवरा गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. कारण तिला स्वतःलाही वाटत होतं, की आपणच त्याला खाल्लं. गावाने तिच्यावर आळ घेतला, तो तिच्या मनानेही मान्य केला होता. अज्ञानाचा मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा. ते ज्याला चावतं, त्यालाच आपल्या बाजूने बोलायला लावतं.

डोळे पुसून हौसा म्हणाली, "पाटील, येकदा सांगून पटत न्हाई. रोज सांगा. येकेकाला पेवाशी नेऊन दावा. आज मला पटलं, उद्या आनि कुनाला पटंल."

"तेवढा येळ कुठं हाय?" पाटील म्हणाले. "उद्या सकाळी तुला घालवत्यात. परवा सावंतांचं पेव उघडतंय. मानूस मेला तर?"

खरं सांगायचं तर याचं उत्तर माझ्याकडेही नाही. खरं हळूहळू चालतं आणि मरण धावत येतं, तेव्हा भल्याभल्यांची मती गुंग होते. पाटलांनी जवळची वाट धरली.

सकाळी हौसाला न्यायला लोक आले, तेव्हा पाटील तिच्या दारात उभे होते. कपाळाला भंडारा लावलेला. म्हणाले, "थांबा. काल रातीला पेवाई माझ्या सपनात आली."

गर्दी जागच्या जागी थबकली. पाटील सांगत गेले. देवी म्हणाली, मला कोंडून कोंडून जीव घाबरा होतो. माझं दार उघडलं की दिवसरात्र तसंच ठेवा. कडुलिंबाच्या डहाळ्यांनी मला वारा घाला. मग माझ्यासमोर दिवा सोडा. दिवा जळाला तर मी राजी आहे, विझला तर कुणी आत पाऊल टाकू नका.

आदल्या दिवशी हीच गोष्ट पाटलांनी घसा कोरडा करून सांगितली होती आणि एकाही माणसाला पटली नव्हती. आता ती सगळ्यांना पटली. बायकांनी तिथेच जमिनीला डोकं टेकलं. शिदूच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं आपण आईला वारा घातला नाही, याचं त्याला खरंच वाईट वाटलं.

मग शिदूने विचारलं, "आनि पाटील, पांढऱ्या पायाच्या बायांचं काय म्हनाली आई?"

पाटील अडखळले. देवी त्यांच्या हातात होती, हवं ते तिच्या तोंडी घालता आलं असतं. पण त्यांना वाटलं, एका दिवसात फार ताणलं तर तुटेल. ते म्हणाले, "त्यांनी घरातच ऱ्हावं. पर कुनाला घालवू नगा, आसं म्हनाली."

लोक हौसाच्या दारातून परत फिरले. हौसा पाटलांना म्हणाली, "तुमचं उपकार जल्मभर फिटायचं न्हाईत. पर खोट्याच्या पाठीवर बसवून खरं आनलंसा. ते खोटं काही दिस गुमान चालंल, आनि येक दिस पाडंल."

"मानसं जगली म्हंजी झालं," पाटील म्हणाले. "खरं मागनं सांगू."

आणि माणसं जगली, हे मान्य करायला हवं. सावंतांचं पेव दिवसरात्र उघडं राहिलं, दिवा तळापर्यंत जळाला आणि उतरलेला माणूस टोपल्या भरून हसत वर आला. त्यानंतर वर्षामागून वर्षं गेली, पेवात कुणी मेलं नाही. पेवठाणात देवीचा आणि पाटलांचा मान वाढला. पेवाई पाटलांशी बोलते, म्हणून आसपासची गावंही पाटलांकडे कौल लावायला येऊ लागली. पाटील आधी नाही म्हणत. मग गप्प बसत. मग हळूहळू कौल देऊ लागले.

पाटलांनी आणखी एक धाडस केलं. हौसाची पोर तुळसा मोठी झाली, तेव्हा तिला आपल्या एकुलत्या एका मुलाची, दौलतची, बायको करून घेतली. पेवाने खाल्लेल्या माणसाची, पांढऱ्या पायाच्या आईची लेक पाटलांच्या घरात! गावाने चकार शब्द काढला नाही. पाटलांना वाटलं, गाव सुधारलं. गाव सुधारलं नव्हतं. देवीच्या लाडक्या माणसाला बोलायची त्याची हिंमत नव्हती, एवढंच.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत हौसा आजारी पडली. शेवटी पाटील भेटायला गेले, तर म्हणाली, "आता तरी सांगा गावाला. आता तुमचं ऐकत्यात."

"सांगतो," पाटील म्हणाले. "दिवाळी होऊन जाऊ दे."

हौसा दिवाळीच्या आधीच गेली. पाटलांनी सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे आपण इतकी वर्षं खोटं बोललो हे कबूल करायचं, कौल लावायला येणाऱ्यांची तोंडं बघायची. आणि माणसं तर जगतच होती. मग घाई कशाला? ज्या माणसाला एकेकाळी एक दिवसही थांबवत नव्हतं, तो आता सणामागून सण पुढे ढकलू लागला.

दरम्यान गाव देवीची सेवा वाढवत होतं. खरी गंमत इथे आहे, आणि ती हसण्यासारखी नाही. कडुलिंबाचे डहाळे आत हलवताना त्यांना माती लागे. देवीच्या पंख्याला माती लागलेली बरी दिसेना, म्हणून डहाळ्यांचं तोरण करून ते पेवाच्या तोंडाशी बांधायला लागले. तोरण फार देखणं दिसे. आत वारा जाईनासा झाला.

मग दिव्याचं. दिवा विझणं म्हणजे देवीचा राग. एकदा तळाशी गेलेला दिवा फडफडला आणि सगळ्या गावाने नवस बोलले. अशी अशुभ गोष्ट मुळात व्हावीच कशाला? शिदूने उपाय काढला. दिवा तळापर्यंत न सोडता दोनच हात खाली सोडायचा. दोन हातांवर तो मजेत जळे. देवी दर वर्षी राजी होई. लोक म्हणत, पूर्वी कधी कधी रुसायची, आता रुसत नाही. आपली भक्ती वाढली.

पाटलांना हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. एकदा ते शिदूला म्हणालेही, "दिवा पार तळाला जाऊ दे की रे." शिदू म्हणाला, "देवीनं तसं सांगितलं का पुन्यांदा?" पाटलांना हो म्हणता आलं नाही आणि खरं कारण सांगता आलं नाही. ते एवढंच म्हणाले, "बरं, चालू दे." निदान पेव दिवसरात्र उघडं राहतंय, असं त्यांनी मनाचं समाधान करून घेतलं.

शेवटी तेही गेलं. गावातल्या बायकांना वाटलं, आईला दिवसरात्र उघडं कसं ठेवायचं? लाजेल ती. त्यांनी वर्गणी काढून हिरवंगार जाड लुगडं आणलं, आणि फरशी काढली की लगेच ते पेवाच्या तोंडावर ताणून बसवलं, कडेने दगड ठेवून. फरशीची जागा लुगड्याने घेतली. हवा पुन्हा कोंडली.

त्या वर्षी पाऊस फार दिवस पडत राहिला होता आणि पेवांत ओल शिरली होती. पहिलं पेव उघडायचा मान पाटलांच्या घरचा. हलगी वाजली. विधवांच्या दारांना कड्या पडल्या. तुळसा सवाष्ण होती, तिने पेवाला हळदकुंकू वाहिलं. लुगडं सारलं, दिवा दोन हात खाली सोडला, तो झगझगीत जळाला. लोकांनी जयजयकार केला. दौलत दोर धरून उतरला. पाटील घरातून यायच्या आत तो उतरला होता.

तळाशी पोचल्यावर त्याने हाक दिली नाही. वरून सगळ्यांनी हाका मारल्या. धावत आलेले पाटील स्वतः आत उतरायला निघाले, तेव्हा चौघांनी त्यांना धरून ठेवलं. शेवटी गळ टाकून दौलतला वर ओढलं. अंगावर ओरखडाही नव्हता.

तुळसा पेवाशेजारीच उभी होती. हातात अजून कुंकवाची वाटी होती. सगळ्यांच्या माना हळूहळू तिच्याकडे वळल्या. कुणाला काही सांगावं लागलं नाही. देवीला पुढचं दिसतं, हे गावाला ठाऊक होतं.

दौलतला अग्नी देऊन आल्यावर पाटील चावडीवर उभे राहिले. अंगावर स्मशानातून आलेलं ओलं धोतर तसंच. म्हणाले, "ऐका. पेवाई माझ्या सपनात कधीच आली न्हाई. मी खोटं बोललो. पेवात देवी न्हाई, नासकी हवा हाय. माझा पोरगा हवेनं गेला. तुळसाचा काय बी दोष न्हाई. दोष माझा हाय."

कुणीही रागावलं नाही. रागावले असते तर निदान ऐकलं असं तरी झालं असतं. लोकांच्या डोळ्यांत कीव आली. "पोराच्या दुःखानं डोस्कं फिरलंया," ते एकमेकांना म्हणाले. एका म्हातारीने त्यांना पाणी आणून दिलं.

"चला माझ्यासंगं," पाटील ओरडले. त्यांनी सगळ्या गावाला त्याच पेवापाशी नेलं. लुगडं टरकावून फेकून दिलं. दिवा दोराला बांधून हातभर, दोन हात, तीन हात असा खाली सोडला. पुरुषभर खाली गेल्यावर ज्योत बारीक झाली आणि विझली. "बघा!" पाटील म्हणाले. "तिथं हवा नासलीया. बघा डोळ्यांनी!"

सगळ्यांनी बघितलं. सगळ्यांनी हात जोडले. "आई कोपली," शिदू पुटपुटला.

पाटलांनी एक कोंबडी आणवली आणि टोपलीत घालून खाली सोडली. वर ओढली तेव्हा तिची मान लोंबत होती. "तिला कुनाची नजर लागली? बोला की!" पाटील विचारत होते. गर्दीतून आवाज आला, "आईनं बळी घेतला! बळी मागती आई!" आणि एका बाईने कोंबडीला कुंकू लावलं.

तरी पाटील म्हणाले, "बरं. आता हे असंच उघडं ठेवा. उद्या ह्याच येळंला मी दिवा सोडतो. हवा बदलली की तो जळंल. तवा तरी पटंल का?"

"जळंलच की," शिदू शांतपणे म्हणाला. "उद्या ती गावात नसंल."

माणसाचं तोंड बंद करणारं याहून पक्कं उत्तर मी ऐकलेलं नाही. दिवा विझला तरी शिदू खरा, जळला तरी शिदू खरा.

मग शिदू जवळ आला. त्यालाही तुळसाची दया येत होती. तो हलक्या आवाजात म्हणाला, "पाटील, देवी तुमचं ऐकती. तिच्या आईच्या येळंला ऐकलंच की. येकदा डोळं मिटून इचारा. आई म्हनाली ऱ्हाऊ दे, तर ऱ्हाईल तुळसा. आमाला काय हौस हाय व्हय?"

सगळं गाव थांबलं. तुळसाही बघत होती. तिला एवढंच कळत होतं, की सासरे एक वाक्य बोलले की आपण घरात राहू. पोटात दौलतचं मूल होतं, हे तिने अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

एक वाक्य. पाटलांना ते पाठ होतं. पण त्याच वाक्याने त्यांचा मुलगा पेवात उतरवला होता. पुन्हा बोललं तर तुळसा वाचेल, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोरण, पुन्हा लुगडं, पुन्हा दोन हातांवरचा दिवा. मग कुणाचा तरी दुसरा दौलत. पाटलांनी मान हलवली. "देवी आली न्हाई," ते म्हणाले. "तवा बी न्हाई, आज बी न्हाई."

त्यांनी बरोबर केलं की चूक, असं मला विचाराल तर मी म्हणेन बरोबरच केलं. पण हे वाक्य बोलायची वेळ हौसाच्या दारात होती, हौसाच्या अंथरुणापाशी होती, पहिलं तोरण बांधलं तेव्हा होती. त्या सगळ्या वेळा त्यांनी घालवल्या आणि नेमकी ही धरली.

लोक तुळसाला न्यायला पुढे आले. पाटील दोन्ही हात पसरून आडवे झाले. त्यांच्याच गड्यांनी त्यांना दंडाला धरून बाजूला केलं, अगदी हळू, म्हाताऱ्या माणसाला दुखणार नाही अशा बेताने. "आमाला कळतंया तुमचं दुःख, पाटील," असंही ते म्हणाले.

तुळसा जाता जाता त्यांच्यापुढे थांबली. "मामंजी," ती म्हणाली, "माझ्या आईसाठी खोटं बोललासा. माझ्याच येळंला खरं का आठवलं?"

मग तिला वेशीपर्यंत नेलं आणि बाहेर सोडलं. पुढे ती कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही. कळून घ्यायची गावाला गरज वाटली नाही.

तिच्या मागोमाग जायला निघालेले पाटील वेशीतून परत फिरले. कारण उद्या त्या पेवात माणसं उतरणार होती, आणि ती माणसं त्यांना अडवणाऱ्यांचीच मुलं होती, तरी मरायची ती मरायचीच. त्यांनी कडुलिंबाचे डहाळे तोडले, दोराला बांधले आणि पेवाच्या तोंडाशी बसून ते आत वर-खाली करत राहिले. दंड भरून आले तरी थांबले नाहीत. कुणी लुगडं घालायला आलं की काठी उगारत. वेडा झालेला माणूस म्हणून लोक त्यांच्या वाटेला गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गाव जमलं. शिदूने दिवा सोडला, या वेळी तळापर्यंत. तो स्वच्छ, सरळ जळत राहिला. माणूस उतरला, टोपल्या भरून ज्वारी वर आली. बायकांनी ओव्या म्हटल्या. "बघा," लोक एकमेकांना म्हणाले, "ती गेली आनि आई शांत झाली." मग त्यांनी प्रेमाने पाटलांच्या हातातले डहाळे काढून घेतले आणि त्यांचं तोरण बांधलं.

तात्पर्य: अज्ञान घालवता येतं, पण त्याच्याच खांद्यावर बसून नाही. खरं कळलं त्याच दिवशी ते सांगावं, लोक हसले तरी सांगावं आणि पटेपर्यंत पुन्हा पुन्हा सांगावं; कारण उशिरा सांगितलेल्या सत्याची किंमत ज्याचा काहीच अपराध नाही, तोच आधी भरतो.